ॲक्टिव्ह डिरेक्टरी : ओयू विभागानुसार पाडावेत की जागेनुसार?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेचं संगणकाचं काम मी बघते. कराड, पाटण आणि वाई इथं कॉलेजं आहेत. तिन्हीकडचे मिळून साधारण ३४० संगणक, दोनशे कर्मचारी, अडीच हजार विद्यार्थी. सगळी खाती आणि संगणक एका ठिकाणाहून सांभाळायला ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे. तिचं डोमेन एकच, विंडोज सर्व्हर २०१९ वर. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) कराडला दोन आणि पाटणला एक.

माझ्याआधी चार जणांनी हे काम पाहिलं, पण रचना कुणीच केली नाही. 'युझर्स'मध्ये सहा हजारांवर खाती पडून आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त कॉलेज सोडून गेलेल्या मुलांची. 'कॉम्प्युटर्स'मध्ये सगळे संगणक एकाखाली एक.

गेल्या आठवड्यात कराडच्या लॅब २ मध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. पेनड्राइव्ह बंद ठेवायचे होते. मी 'लॅब २' नावाचं ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, डिरेक्टरीतला कप्पा) केलं, लॅबच्या ३४ संगणकांचा एक ग्रुप करून त्यात ठेवला, पॉलिसी (सेटिंगांचा संच) बनवून त्या ओयूला जोडली. सकाळी साडेनऊला पहिल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून पाहिला तर चालू! दुसरा चालू, तिसराही चालू. शेवटी एकेका संगणकावर बसून हातानं सेटिंग केलं. परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली आणि मुलं बाहेर उन्हात उभी होती. ते अजून मनातून जात नाही.

दोन प्रश्न आहेत. पॉलिसी का लागली नाही? आणि आता सगळं नीट मांडायचंच आहे, तर ओयू कसे पाडावेत? प्राचार्यांनी संस्थेचा आराखडा दिलाय : संस्था, त्याखाली महाविद्यालय, त्याखाली शाखा, त्याखाली विभाग. तसाच्या तसा उतरवू का?

जुना_सर्व्हर
ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं. पॉलिसी ग्रुपला लागत नाही. ती लागते ओयूमध्ये प्रत्यक्ष असलेल्या युझरच्या नाहीतर संगणकाच्या खात्याला. तुम्ही ओयूमध्ये ग्रुप ठेवलात, पण त्या ग्रुपचे ३४ सदस्य तिकडे 'कॉम्प्युटर्स'मध्येच बसून राहिले. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. ग्रुपचा उपयोग पॉलिसी *गाळायला* होतो, म्हणजे ओयूमधल्या कुणाला लागावी आणि कुणाला नाही ते ठरवायला. पॉलिसी पोचवायचं काम ग्रुप करत नाही.

दुसरी मेख अशी की 'युझर्स' आणि 'कॉम्प्युटर्स' हे ओयू नाहीतच. ते नुसते कंटेनर आहेत. कन्सोलमध्ये नीट बघा : ओयूच्या फोल्डरवर छोटं पुस्तक असतं, या दोघांवर नसतं. कंटेनरला पॉलिसी जोडताच येत नाही. डोमेन कंट्रोलरचा जो तयार फोल्डर असतो तो मात्र खरा ओयू आहे.

लॅबमधल्या एका संगणकावर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'जीपीरिझल्ट' (कुठल्या पॉलिसी लागल्या ते दाखवणारी कमांड) आर स्विच लावून चालवा आणि वरचं काय येतं ते इथं टाका.

कृष्णाकाठ
काका, चालवलं. संगणकाच्या भागात पहिल्याच ओळीत 'सीएन=कॉम्प्युटर्स' आलंय. खाली लागू झालेल्या पॉलिसींत फक्त डोमेनची मूळ पॉलिसी. माझी पॉलिसी ना लागलेल्यांत, ना नाकारलेल्यांत.

जुना_सर्व्हर
मग निदान झालं. पॉलिसी पोचून गाळली गेली असती तर ती नाकारलेल्यांच्या यादीत कारणासकट दिसली असती. दोन्हीकडे नाही म्हणजे ती त्या संगणकाच्या वाटेवरच नाही. संगणकांची खाती उचलून ओयूमध्ये ठेवा, मग संगणक एकदा रीस्टार्ट करा. एरवी पॉलिसी ९० मिनिटांनी नव्यानं वाचली जाते आणि सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून त्यात ० ते ३० मिनिटांची भर पडते. परीक्षेच्या सकाळी तेवढी वाट बघायला सवड नसते, तेव्हा आदल्या दिवशीच रीस्टार्ट करून पेनड्राइव्ह लावून बघत जा.

वाळूज_शिफ्ट
ताई, आराखडा तसाच्या तसा उतरवू नका, हात जोडून सांगतो. मी एका कारखान्यात आहे. आमच्याकडे २०१५ ला हेच केलं होतं : प्लँट, मग डिपार्टमेंट, मग सेक्शन. पाच पातळ्या. कागदावर फार देखणं दिसायचं. दोन वर्षांत स्टोअर्स आणि डिस्पॅच एक झाले, क्वालिटीचे दोन भाग झाले. दर वेळी माणसं एका ओयूतून दुसऱ्यात हलवायची, की सोमवारी सकाळी फोन सुरू : "माझा ड्राइव्ह दिसत नाही", "प्रिंटर गेला". कारण ड्राइव्ह आणि प्रिंटर आम्ही ओयूच्या पॉलिसीतून दिलेले.

सगळ्यात वाईट झालं ते फोटोकॉपी मशीनचं. स्कॅन करून मेल पाठवायला त्या मशीनमध्ये डिरेक्टरीचा पत्ता भरलेला होता, खात्याच्या पूर्ण मार्गासकट. सर्व्हिस खातं दुसऱ्या ओयूत हलवल्यावर तो मार्ग बदलला आणि मशीनचं लॉगिन बंद. हजेरीच्या सॉफ्टवेअरचंही तेच. ओयू बदलला की खात्याचा पूर्ण पत्ताच बदलतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. हलवण्याआधी अशी कुठली यंत्रं जुना पत्ता धरून बसलीत त्याची वही करा.

जुना_सर्व्हर
वाळूजकर अगदी मुद्द्याचं बोलले. मी विंडोज एनटी ४.० पासून हे काम करतोय, एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो. एनटीच्या काळात डोमेन म्हणजे सपाट यादी होती, ओयू ही गोष्टच नव्हती. काम वाटून द्यायचं तर वेगळं डोमेन करावं लागे. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एकाच डोमेनमध्ये कप्पे पाडता आले. तो कप्पा कशासाठी दिलाय हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं.

ओयू दोन कामांसाठी. एक, पॉलिसी लावायला. दुसरं, त्या कप्प्याचा कारभार कुणाकडे तरी सोपवायला. या दोन्हींपैकी काहीच वेगळं होत नसेल तर तो ओयू करू नका. मराठी विभाग आणि इतिहास विभाग यांना वेगळी पॉलिसी आहे का? त्यांचे पासवर्ड वेगवेगळी माणसं बदलून देतात का? नाही ना? मग एकाच ओयूत राहू देत. कोण कुठल्या विभागात आहे हे लिहायला खात्यात 'डिपार्टमेंट' म्हणून रकाना आहे, तिथं लिहा.

आणि फोल्डरवरचे हक्क ओयूला देताच येत नाहीत. हक्क द्यायचे ते ग्रुपला. माणूस ग्लोबल ग्रुपात (माणसं गोळा करायचा ग्रुप), ग्लोबल ग्रुप डोमेन-लोकल ग्रुपात (हक्क द्यायचा ग्रुप), आणि फोल्डरवर नाव त्या डोमेन-लोकलचं. लेखनिक बाई परीक्षा विभागातून शिष्यवृत्तीला गेल्या तर एका ग्रुपातून काढून दुसऱ्यात घालायचं, त्यांचं खातं जागचं हलत नाही. फक्त त्यांना एकदा लॉगऑफ करून परत लॉगिन करायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिन होतानाच ठरते.

कृष्णाकाठ
म्हणजे आराखडा बाजूला. मी जागेनुसार विचार करत होते : कराड, पाटण, वाई असे तीन ओयू, प्रत्येकात युझर आणि संगणक. पाटणची लाइन मंद आहे. वेगळं ओयू केलं की तिथली मुलं पाटणच्याच सर्व्हरवर लॉगिन होतील ना?

मांडवी_तीर
नाही ताई, इथं पुष्कळांची गफलत होते, माझीही झाली होती. लॉगिन कुठल्या डोमेन कंट्रोलरकडे जाणार त्याचा ओयूशी काही संबंध नाही. ते ठरतं साइटवरून, म्हणजे एका जागेच्या नेटवर्कच्या गटावरून. 'साइट्स अँड सर्व्हिसेस' कन्सोलमध्ये पाटणची साइट करा, तिथल्या नेटवर्कचा सबनेट (आयपी पत्त्यांचा पट्टा) तिला जोडा, पाटणचा सर्व्हर त्या साइटमध्ये हलवा. संगणक आपल्या आयपीवरून साइट ओळखतो आणि जवळचा सर्व्हर धरतो. आज तुमचे सगळे सबनेट बहुधा सुरुवातीच्या एकाच साइटमध्ये असतील, नाहीतर कुठल्याच नसतील. म्हणून पाटणचा मुलगा कराडला जाऊन लॉगिन होतोय.

साइट वेगळी केलीत की एक गोष्ट ध्यानात असू दे. दोन साइटमधली देवाणघेवाण मूळ सेटिंगला १८० मिनिटांनी होते. कराडला नवीन खातं काढलं आणि पाटणला ते लगेच चालत नाही म्हणून घाबरू नका. तो अवधी १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतो.

मी पणजीला असतो. आमच्या छोट्या ऑफिसात विंडोज सर्व्हर नाही, लिनक्सवर साम्बा आहे. २०१२ च्या डिसेंबरात साम्बा ४ आलं तेव्हापासून ते स्वतः डोमेन कंट्रोलर होऊ शकतं. ओयू, पॉलिसी, सगळं त्याच विंडोजच्या कन्सोलमधून चालवतो. तेव्हा वर काकांनी सांगितलेलं लिनक्सवाल्यांनाही तितकंच लागू.

वाळूज_शिफ्ट
जागेनुसार पाडायला माझी हरकत नाही, पण वरच्या पातळीवर नको. वर 'संगणक' आणि 'माणसं' असे दोन वेगळे ठेवा आणि संगणकांच्या खाली गावं करा. संगणक टेबलावरून हलत नाही, त्याला जागा शोभते. माणूस आज वाईला, उद्या बदली होऊन कराडला.

मांडवी_तीर
इथं मी थोडा वेगळा. पाटण आणि वाईला तिथले लॅब असिस्टंट पासवर्ड बदलून देणार असतील, तर माणसांखालीही गावं हवीत. कारभार सोपवायचा तो ओयूवर. 'डेलिगेट कंट्रोल'च्या विझार्डनं पाटणच्या ओयूवर 'पाटण-मदत' अशा ग्रुपला फक्त पासवर्ड रीसेट करायचा हक्क द्या. नाहीतर होतं काय, प्रत्येक गावच्या असिस्टंटला डोमेन ॲडमिन करून टाकतात. एका पासवर्डसाठी आख्ख्या संस्थेच्या किल्ल्या!

कृष्णाकाठ
आमच्याकडे तसंच आहे. डोमेन ॲडमिनमध्ये अकरा जण निघाले. त्यातले तिघे नोकरी सोडून गेलेत.

जुना_सर्व्हर
मग आज दुसरं काही करू नका, त्या तिघांची खाती आधी बंद करा. उरलेल्या आठांतून दोघं-तिघं ठेवा, आणि त्यांचंही रोजचं खातं वेगळं, ॲडमिनचं वेगळं. ज्यांना ॲडमिनमधून काढाल त्यांच्या खात्यावर ओयूचे हक्क लगेच चालले नाहीत तर गोंधळू नका. ॲडमिन ग्रुपातल्या खात्यांवर डोमेन दर तासाला स्वतःचं वेगळं कुलूप घालतं आणि ग्रुपातून काढल्यावरही ते आपोआप निघत नाही. 'ॲडमिन काउंट' नावाचा गुणधर्म रिकामा करून, सिक्युरिटीच्या पानावर वारसा हक्क परत चालू करावे लागतात.

मांडवीकरांचं म्हणणं मला पटतं. कारभार खरंच तिथं सोपवणार असाल तर कर्मचाऱ्यांत तीन गावं पाडा. तीनच, त्याखाली काही नको.

कृष्णाकाठ
विद्यार्थ्यांचं काय करू? पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष असे ओयू केले तर दर जूनमध्ये दीड-दोन हजार खाती हलवावी लागतील. शिवाय मुलांना पासवर्ड जरा सोपा हवा. लहान पासवर्डची पॉलिसी विद्यार्थ्यांच्या ओयूला जोडून पाहिली, ती लागत नाही. आता मुलांची खाती तर त्या ओयूमध्येच आहेत!

रात्रपाळी_पुणे
ताई, इयत्तेचे ओयू नकोतच. प्रवेशाच्या वर्षाचे करा : 'प्रवेश २०२३', 'प्रवेश २०२४' असे. मुलगा आला त्या कप्प्यात बसला, तो बाहेर पडेपर्यंत तिथंच. नापास झाला, शाखा बदलली, तरी हलवायचं नाही. इयत्ता कळायला ग्रुप ठेवा, आणि ते ग्रुप दर जूनला कार्यालयाच्या प्रवेश यादीवरून पॉवरशेलनं (विंडोजमधल्या कमांडच्या साधनानं) नव्यानं भरा. बॅच बाहेर पडली की तो आख्खा ओयू निवडून खाती बंद करता येतात. तुमच्या सहा हजार खात्यांचा ढीग परत साठणार नाही तो यामुळे.

पासवर्डचं कारण वेगळं आहे. डोमेनच्या खात्यांचे पासवर्डचे नियम डोमेनच्या पातळीवरूनच लागतात. ओयूला जोडलेले नियम त्या ओयूमधल्या *संगणकांवरच्या स्थानिक* खात्यांना लागतात, आणि तुमच्या ओयूमध्ये संगणक नाहीत. वेगळ्या लोकांना वेगळे नियम द्यायचे तर सर्व्हर २००८ पासून फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी आहे. ती ओयूला नाही, ग्लोबल ग्रुपला लागते. 'सर्व-विद्यार्थी' असा ग्रुप करून त्याला द्या. पण फार सोपा करू नका हो. मुलं एकमेकांची जन्मतारीख ओळखून असतात.

कृष्णाकाठ
अजून एक. प्राध्यापक लॅबमध्ये येऊन स्वतःच्या खात्यानं लॉगिन करतात. तिथं त्यांनाही लॅबसारखाच बंदोबस्त हवा, आणि स्वतःच्या केबिनमध्ये नको. माणूस तर एकच.

जुना_सर्व्हर
यासाठी लूपबॅक आहे. सांगतो. एरवी संगणकाची सेटिंग संगणकाच्या ओयूवरून येतात आणि माणसाची माणसाच्या ओयूवरून. लॅबच्या संगणकांच्या ओयूवर लूपबॅक चालू केलंत की तिथं लॉगिन करणाऱ्या कुणालाही माणसाचे नियमसुद्धा त्या संगणकाच्या ओयूवरून लागतात. त्यात दोन प्रकार. 'मर्ज'मध्ये माणसाचे स्वतःचे आधी आणि लॅबचे नंतर, भांडण झालं तर लॅबचे जिंकतात. 'रिप्लेस'मध्ये फक्त लॅबचे. परीक्षेच्या लॅबला रिप्लेस घ्या.

क्रमाचंही इथंच लिहितो : संगणकावरची स्थानिक पॉलिसी, मग साइट, मग डोमेन, मग ओयू वरून खाली. नंतर येणारी आधीच्यावर मात करते. 'ब्लॉक' (वरून येणारी पॉलिसी अडवणं) आणि 'एनफोर्स्ड' (ती अडवू न देणं) ही बटणं होता होईतो हात न लावता ठेवा. ती जिथं सगळीकडे दाबलेली दिसली तिथं रचनेतच घोळ होता, हा माझा अनुभव.

रात्रपाळी_पुणे
काकांच्या जोडीला एक सावधगिरी. माणसांसाठीची पॉलिसी ग्रुपनं गाळताना काही जण 'ऑथेंटिकेटेड युझर्स' (डोमेननं ओळख पटवलेली सगळी खाती, संगणकांचीसुद्धा) यादीतून पूर्ण काढतात. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटनंतर माणसाची पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीनं वाचली जाते. संगणकाला वाचायचा हक्क उरला नाही तर पॉलिसी गुपचूप लागायची थांबते. लागू करायचा हक्क काढा, वाचायचा राहू द्या.

वाळूज_शिफ्ट
नवीन संगणकांचं पण सांगा त्यांना. रचना कितीही छान केली तरी उद्या जोडलेला संगणक परत 'कॉम्प्युटर्स'मध्येच जाऊन पडतो. 'रीडायरसीएमपी' ही कमांड एकदा चालवून मुक्कामाची जागा बदला. आम्ही 'नवीन' नावाचा ओयू केलाय, त्याला कडक पॉलिसी. कुणी काही न करता संगणक जोडला तरी तो तिथं अडकतो. माणसांसाठी 'रीडायरयूएसआर' आहे.

आणि मूळ सेटिंगला डोमेनमधलं कुठलंही साधं खातं दहा संगणक डोमेनला जोडू शकतं. तो आकडा शून्य करा आणि जोडायचा हक्क ठरावीक ग्रुपला द्या.

कृष्णाकाठ
पाच दिवसांनी लिहितेय. पुष्कळ झालं, पण मध्ये एकदा श्वास अडकला. 'वाई' ओयू ओढून 'संगणक'खाली ठेवायला गेले तर परवानगी नाही असा संदेश. डोमेन ॲडमिन असूनही नाही!

मांडवी_तीर
तो अडथळा तुमच्या भल्याचा आहे. ओयू करताना 'चुकून काढलं जाऊ नये' अशी खूण आपोआप लागते. हलवणं म्हणजे एका जागेवरून काढणं, म्हणून तेही अडतं. 'व्ह्यू'मधून 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' चालू करा, ओयूच्या गुणधर्मांत 'ऑब्जेक्ट'चं पान दिसेल. खूण काढा, हलवा आणि लगेच परत लावा.

आमच्याकडे एकानं खूण काढली, लावायची राहिली आणि महिन्याभरानं माउस घसरून आख्खं अकाउंट्स पुसलं गेलं. डिरेक्टरीचं रिसायकल बिन चालू होतं म्हणून वाचलो. ते तुम्ही आधी बघा. सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण स्वतःहून चालू नसतं. एकदा चालू केलं की बंद करता येत नाही आणि ते बरंच आहे. पुसलेलं मूळ सेटिंगला १८० दिवस ग्रुपांसकट परत आणता येतं. चालू करण्याआधी पुसलेलं मात्र तसं पूर्ण परत येत नाही, तेव्हा आजच करा.

कृष्णाकाठ
केलं, पाच मिनिटांत झालं. मग पुढचं.

वरचे कप्पे असे ठरले : संगणक, कर्मचारी, विद्यार्थी, ग्रुप, सेवा खाती, प्रशासक, नवीन, बंद. संगणकांखाली तीन गावं आणि प्रत्येक गावात लॅब, कार्यालय असे दोनच. पॉलिसी त्या दोघांच्याच वेगळ्या आहेत. कर्मचाऱ्यांत तीन गावं. विद्यार्थ्यांत प्रवेशाची वर्षं. कुठंच तीन पातळ्यांच्या खाली गेले नाही. प्राचार्य सरांना दाखवलं, ते म्हणाले आराखडा कुठाय? त्यांना एका खात्यातला विभागाचा रकाना दाखवला आणि त्यावरून विभागवार यादी काढून दिली. त्यांना तेवढंच हवं होतं.

संगणकांची नावं बदलतेय, गाव-लॅब-क्रमांक अशी. १५ अक्षरांच्या आत बसवली. पूर्वी कुणी ठेवलेली काही नावं लांब होती, ती शेपटीत तुटून दोन संगणक सारखेच दिसायचे.

जुनी खाती बंद करायला शेवटचं लॉगिन कधी झालं ते बघतेय. त्या तारखेवर विसंबावं ना?

रात्रपाळी_पुणे
'लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प' घ्या, नुसतं 'लास्ट लॉगऑन' नको. नुसतं आहे ते प्रत्येक सर्व्हरवर वेगळं असतं, एकमेकांना कळवलं जात नाही. पाटणलाच लॉगिन होणारा माणूस कराडच्या सर्व्हरवर वर्षभर गैरहजर दिसेल. टाइमस्टॅम्पवालं सगळीकडे सारखं असतं, पण दोनेक आठवडे मागे राहू शकतं. म्हणून ९० दिवसांची मर्यादा ठेवा आणि लगेच पुसू नका. आधी बंद करून 'बंद' ओयूत हलवा. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंचं खातं पुसलं असं व्हायला नको.

कृष्णाकाठ
रजेवरच्यांची यादी आस्थापना विभागाकडून मागवली. चौघी आहेत, त्यांना वगळलं.

काल कराडच्या लॅब २ मध्ये पुन्हा परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी सगळे ३४ संगणक रीस्टार्ट केले, 'जीपीरिझल्ट'मध्ये पॉलिसी दिसली, एकेका संगणकाला पेनड्राइव्ह लावून पाहिला. एकही चालला नाही. साडेनऊला मुलं आत बसली होती.

पाटणची साइट झाली, सबनेट जोडला. तिथले सहा संगणक अजून 'नवीन'मध्ये आहेत, डोमेनशी त्यांचा विश्वास तुटलाय असा संदेश येतोय. सोमवारी पाटणला जातेय. डोमेनमधून काढून परत जोडावे लागतील का?

जुना_सर्व्हर
काढू नका. संगणकाचाही डोमेनशी एक पासवर्ड असतो, तो दर ३० दिवसांनी संगणक स्वतः बदलतो. जुनी इमेज (डिस्कची साठवलेली प्रत) परत टाकली की दोघांचा पासवर्ड जुळत नाही. आधी घड्याळ बघा, पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर लॉगिनचं तिकीटच मिळत नाही. घड्याळ बरोबर असेल तर स्थानिक ॲडमिननं लॉगिन करून पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल' रिपेअर आणि क्रेडेन्शियल स्विच लावून चालवा. खातं आहे त्या ओयूत राहतं. स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड तेवढा पाटणच्या असिस्टंटकडून आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडेल.

कृष्णाकाठ
आत्ताच फोन केला. पासवर्ड त्यांच्याकडे आहे, सहाही संगणकांवर एकच आहे म्हणाले. तो प्रत्येकावर वेगळा करायला विंडोज लॅप्स कसं लावायचं, ते पाटणहून आल्यावर विचारते.